जुन्या संगणकासाठी नवे कार्ड

भंगाराच्या दुकानात पत्र्याच्या जड पेटीतला जुना संगणक दिसला, तर तो विकत घ्या असे मी म्हणणार नाही. पण झाकण काढून आत डोकावता आले, तर जरूर बघा. मागच्या बाजूला लांबट काळ्या खाचांची रांग दिसेल. यांना स्लॉट म्हणतात. छापलेल्या सर्किटची पट्टी म्हणजे कार्ड त्यात खोचले की संगणकाला नवे काम करता येते.

अमेरिकेत ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी आणला, त्यात असे पाच स्लॉट होते. कंपनीने त्याचे तांत्रिक पुस्तकही विकायला ठेवले. त्यात सर्किटचे नकाशे होते आणि बायोस या मूळ प्रोग्रामची ओळन् ओळ छापलेली होती. हक्क मात्र तिने सोडले नाहीत. नक्कल करणाऱ्यांशी ती भांडलीही. तरी स्लॉटमधल्या कोणत्या टोकाचे काम काय, हे कुणालाही वाचता आले. त्यामुळेच चाळीस वर्षांनंतरही हौशी मंडळी या यंत्रांसाठी नवी कार्डे बनवतात. आजच्या कित्येक लॅपटॉपमध्ये मेमरीसुद्धा सोल्डर करून टाकलेली असते. मुलांसाठी संगणक घेताना तो उघडता येतो का, हे दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

आता कार्डाचे काम समजून घेऊ. स्लॉटला ६२ टोके असतात. त्यांपैकी २० पत्त्यासाठी आणि ८ माहितीसाठी. बाकीची वीजपुरवठा आणि इशाऱ्यांसाठी. मोहल्ल्यात कुणी घर क्रमांक पुकारावा, हाक सगळ्यांना ऐकू जावी, पण दार एकाच घराने उघडावे, तसा हा कारभार. दोन कार्डांनी एकच पत्ता घेतला तर दोघे एकदम बोलतात आणि यंत्र अडकते. आपला क्रमांक ओळखायला ७४एलएस६८८ ही छोटी चिप पुरते. प्रयोग करणाऱ्यांसाठी आयबीएमने ७६८ पासूनचे ३२ पत्ते राखून ठेवले होते.

एक इशारा मात्र विसरू नये, तो म्हणजे एईएन. कधीकधी त्याच तारांवरून मेमरीचा पत्ता जात असतो आणि आकडा नेमका आपल्या घराचा निघतो. एईएन चालू असेल तेव्हा कार्डाने गप्प बसायचे.

सर्वात उपयोगी कार्ड डिस्कचे. १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तसल्या डिस्क आता बंद पडत आहेत. त्यांच्या जागी जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातले कॉम्पॅक्ट फ्लॅश चालते, पण ते एका वेळी १६ बिट देते आणि स्लॉटमधून जातात फक्त ८. म्हणून अर्धी माहिती लॅच नावाच्या चिपमध्ये क्षणभर धरून ठेवतात आणि मागाहून देतात. एक्सटी-आयडीई या हौशी मंडळींच्या कार्डात हीच युक्ती आहे.

नकाशा काढायला किकॅड हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पट्टीची जाडी साधारण १.६ मिलिमीटर, टोकांमधले अंतर २.५४ मिलिमीटर. कारखान्याकडे पाठवण्याआधी नकाशा खऱ्या मापात कागदावर छापून जुन्या कार्डाशेजारी धरून पाहा. कागद स्वस्त, पट्टी महाग. तयार कार्ड खोचण्यापूर्वी ५ व्होल्टचे टोक आणि ग्राउंड आपसात जुळलेले नाहीत ना, हे मल्टिमीटरने तपासा. शेजारीच १२ व्होल्टचीही टोके आहेत, आणि असा जुना बोर्ड जळला तर दुसरा मिळणे कठीण.

घरातल्या मुलामुलींनी सुरुवात डिस्कच्या कार्डापासून करू नये. पत्ता ओळखणारी जोडणी, एक लॅच आणि आठ एलईडी, एवढेच कार्ड पहिल्यांदा बनवावे. आयबीएमच्या त्या पीसीत डिस्क नसली तरी बेसिक भाषा आपोआप उघडते, कारण ती आतल्या चिपमध्येच आहे. तिथे 'आऊट ७६८, ८५' असा हुकूम द्या. एक सोडून एक असे चार दिवे लागतील. मग ८५ ऐवजी १७० लिहा: विझलेले चार लागतील, लागलेले विझतील.