ते 11 किलोमीटर

ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर आमच्या हाउसच्या नोटीस बोर्डावर मी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती : ‘नारकंडा ते कल्पा, पाच दिवस, संपूर्ण अंतर सायकलवर.’ ती ओळ खरी नाही. त्यातले 11 किलोमीटर आम्ही गाडीत बसून गेलो. सायकली टपावर बांधलेल्या होत्या आणि आत आम्ही आठ कॅडेट तोंड पाडून बसलो होतो.

लॉगबुक माझ्याकडे होते. त्यात मी त्या रात्रीच खरे लिहिले होते. बोर्डावर मात्र लिहिले नाही, कारण साहस ढालीच्या नियमात ‘संपूर्ण अंतर पूर्ण केल्यास 20 गुण’ असे आहे. आता ती चूक दुरुस्त करायची आहेच. पण नुसती दुरुस्ती करून गप्प बसावे असे मला वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की ते 11 किलोमीटर हा आमच्या सहलीतला कमीपणा नव्हता आणि आपला गुणांचा नियम बदलायला हवा.

आधी सहलीविषयी थोडे सांगतो. हिमाचल प्रदेशात शिमल्याच्या पुढे नारकंडा आहे, उंची सुमारे 2,700 मीटर. तिथून रस्ता घसरत घसरत सतलजच्या काठी उतरतो आणि मग नदीची उलटी वाट धरून वर वर किन्नौरात जातो. भूगोलाच्या पुस्तकात ‘घळई’ हा शब्द आपण पाठ करतो आणि विसरतो. सतलजच्या काठी तो पुन्हा शिकायला मिळतो. ही नदी तिबेटातून येते. हिमालय वर उचलला जात असताना ती आधीपासून वाहत होती. डोंगर वाढत गेला, नदी त्याला कापत गेली. म्हणून दोन्ही बाजूंना कडे, मध्ये करडे पाणी आणि कड्याच्या पोटात खोदलेला रस्ता, असे ते दृश्य आहे. काही ठिकाणी खडक डोक्यावर छपरासारखा पुढे आलेला आहे.

पहिला मुक्काम रामपूर. दुसऱ्या दिवशी ज्यूरीहून सराहनचा सुमारे 17 किलोमीटरचा सलग चढ, वर भीमाकाली मंदिर. वाटेत झाकडीचे वीज केंद्र लागते. 1,500 मेगावॉटच्या या प्रकल्पासाठी सतलजचे पाणी वर नाथपा येथे अडवून 27 किलोमीटरहून लांब बोगद्यातून आणले आहे. त्यामुळे मधल्या पट्ट्यात ऑक्टोबरात नदी अगदी रोडावलेली दिसते. तिसऱ्या दिवशी टापरी, चौथ्या दिवशी कडछमचा बास्पा-सतलज संगम पार करून रेकाँग पिओ आणि पाचव्या दिवशी कल्पा. तिथे समोर किन्नर कैलास उभा असतो. हे सगळे आमच्या पायांनी केले, तिसऱ्या दिवशीचा एक तुकडा सोडून.

तो तुकडा निगुलसरीच्या टापूतला. दुपारचे दोन वाजून गेले होते. घळईत दुपारनंतर खालून वर जोराचा वारा सुटतो, तो सुटला होता. आदल्या रात्री वरच्या बाजूला पाऊस झाला होता. आमचे गाईडभैया किन्नौरचेच, हिरव्या पट्टीची टोपी घालणारे आणि कमी बोलणारे. ते पुढे होते. एका वळणावर त्यांनी हात वर केला आणि सायकलवरून उतरले. रस्त्यावर मुठीएवढे आठ-दहा दगड पडले होते. त्यांनी एक उचलून आमच्या हातात दिला. कडा धारदार, आतला भाग पांढुरका. जुना पडलेला दगड काळपट होतो, त्यावर धूळ बसते. हा ताजा होता. त्यांनी वर बराच वेळ पाहिले, मग सरांशी दोन वाक्ये बोलले आणि आम्हाला म्हणाले, “सायकली गाडीवर चढवा.”

आम्ही वाद घातला. सरांसमोर घातला, हे लिहितानाही लाज वाटते. परेड ग्राउंडवर ‘थम’ ऐकले की आमचा पाय हवेतून खाली येतो आणि पुढे जात नाही. इथे मात्र प्रत्येकाला बोलायचे होते. आमच्यातला एकजण म्हणाला, “भैया, ती बस चाललीय की समोरून!” खरेच एक बस चालली होती.

भैयांनी उत्तर दिले ते असे : गाडीला हा पट्टा ओलांडायला अर्धा तास लागेल. तुम्ही दमलेले आहात, चढ आहे, वारा आहे. तुम्हाला दीड तास लागेल. म्हणजे तिप्पट वेळ तुम्ही या कड्याखाली असाल. शिवाय दमलेला माणूस खाली पुढच्या चाकाकडे बघतो, वर बघत नाही.

हा हिशेब आहे. यात भीती कुठे आहे ते मला दाखवावे.

आम्ही गाडीत बसलो. आणि मग काय झाले? काहीच झाले नाही. त्या 11 किलोमीटरमध्ये आमच्या देखत एकही दगड पडला नाही. उतरल्यावर दोघे-तिघे म्हणाले, “बघ, उगाच बसवलं.” खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते. सहलीवरून परतल्यावर दुसऱ्या हाउसच्या मुलांनी विचारले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तो भाग गाळला. कुणी कुणाला तसे सांगितले नव्हते, पण गाळला.

त्यानंतरच्या रविवारी घरी फोन केला. माझे आजोळ महाड तालुक्यातले. आईला सगळी सहल सांगितली आणि शेवटी सहज म्हणून त्या 11 किलोमीटरचे सांगितले. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “त्या भैयांना माझा नमस्कार कळव.” तेव्हा माझ्या लक्षात आले. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. तेव्हा मी लहान होतो, पण आई तासन्‌तास फोन लावत बसली होती ते मला आठवते. आणि त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, 11 ऑगस्ट 2021 रोजी, याच निगुलसरीजवळ डोंगराचा कडा रस्त्यावर आला. सरकारी बस आणि इतर गाड्या त्याखाली सापडल्या आणि 28 माणसे गेली. ज्या रस्त्यावर आम्ही ‘बस चाललीय की’ म्हणालो, तो हा रस्ता.

आता आमच्यावर घेतले जाणारे दोन आक्षेप.

पहिला असा की, गाईड, मागे गाडी, ठरलेले मुक्काम, म्हणजे ही तर पिकनिक. यात साहस कसले? मी म्हणतो, सराहनचा चढ गाडीने चढवून दिला नाही. पंक्चर आम्ही काढली, चेन आम्ही बसवली, वाऱ्याविरुद्ध पायडल आम्ही मारले. गाईडने आम्हाला जे दिले ते आमच्याकडे नव्हतेच : त्या डोंगराची ओळख. अनोळखी मुलखात शिरताना तिथला वाटाड्या बरोबर घेणे यात कमीपणा वाटायचे कारण काय?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. आमचा एक सीनियर म्हणाला, “उद्या फौजेत गेल्यावर दगड पडतात म्हणून थांबणार का?” सर, होय, थांबणार. डोंगरी रस्त्यांवर फौजेच्या गाड्यांचे ताफेसुद्धा रस्ता साफ होईपर्यंत थांबवले जातात. पुढे जायलाच हवे असा हुकूम असेल तेव्हा धोका पत्करून जाणे हे शौर्य. आमच्या पलीकडे टापरीत काय होते? गरम जेवण आणि गाद्या. त्यासाठी आठ जणांना दीड तास कड्याखाली ठेवणे याला दुसरा शब्द आहे.

राहता राहिले ‘काहीच झाले नाही’ हे. रेंजवर पॉइंट टू-टू रायफल हातात घेतली की आपण आधी चेंबर तपासतो. बहुतेक वेळा तो रिकामा असतो. म्हणून तपासणे उगाच झाले असे कुणी म्हणत नाही. निर्णय बरोबर होता की चूक, हे तो घेताना काय दिसत होते त्यावर ठरवायचे. ताजे दगड दिसत होते, वारा होता, रात्रीचा पाऊस होता. मग निर्णय बरोबर होता, दगड पडला असता तरी आणि पडला नाही तरी. त्याच रस्त्यावर तरंडा देवीचे मंदिर आहे. तिथे गाड्या थांबवून ड्रायव्हर हात जोडतात आणि मग पुढे जातात. रोज त्या रस्त्याने जाणारी माणसे थांबायला लाजत नाहीत. आम्ही पाच दिवसांचे पाहुणे लाजलो.

म्हणून आता नियमाविषयी. ‘संपूर्ण अंतर पूर्ण केल्यास 20 गुण’ हा नियम चांगल्या हेतूने केला असणार. अर्ध्यातून सोडू नये, चिकाटी यावी, हे बरोबरच आहे. पण पुढच्या वर्षी हाच वारा, हेच दगड समोर असतील आणि एखाद्या मुलाच्या डोक्यात 20 गुण असतील. तो गाईडशी आमच्यापेक्षा जास्त वाद घालेल. कदाचित त्याचे ऐकलेही जाईल. आपल्याला असा कॅडेट घडवायचा आहे का?

माझी सूचना साधी आहे. सुरक्षेसाठी गाईडने किंवा सरांनी गाडीत बसवलेले अंतर गुणांतून वजा करू नये. ते कारणासह लॉगबुकात लिहिणे मात्र सक्तीचे करावे. आणि जो संघ ते लपवील त्याचे गुण कापावेत. या शेवटच्या कलमात पहिला नंबर आमचा लागतो, हे मला माहीत आहे.

मागच्या शुक्रवारी मी हाउसमास्टर सरांना लॉगबुक दाखवले. त्यांनी ते पान दोनदा वाचले आणि म्हणाले, “बोर्डावरची ओळ तू लिहिलीस, तूच बदल.” मी बदलली. आता तिथे असे आहे : ‘नारकंडा ते कल्पा, पाच दिवस. निगुलसरीजवळ 11 किलोमीटर गाडीने, दरडीच्या धोक्यामुळे.’ आमचे 20 गुण अडकले आहेत, ढालही बहुधा जाईल. हाउस कॅप्टन माझ्याशी अजून नीट बोलत नाही. तो बोलायला लागला की त्याला तो दगड दाखवीन. मी तो बरोबर आणला आहे. त्याची एक कड अजून पांढुरकीच आहे.