‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं कुणाचं?

कामशेतला जुन्या हायवेच्या कडेला आमचं गॅरेज आहे. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी उभी आहे. दोन सीटची, उघडी, लांब नाकाची. खाली विलीज जीपची चासी. वरची बॉडी माझ्या आजोबांनी १९६८ साली वाळूच्या पोत्यावर पत्रा ठोकून घडवलेली. तिच्या आजच्या मालकांचा लोणावळ्याला बंगला आहे. ते मला म्हणाले, “ही बॉडी भंगारात दे. जीप ओरिजिनल कर.”

मी नाही म्हटलं. हा वाद एका गाडीपुरता नाही, म्हणून इथे लिहितोय.

मालकांचं गणित सरळ आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे कारखान्यातून निघाली ती जीप वारसा, आणि आजोबांचं काम छेडछाड!

आता इंदूरच्या यशवंतराव होळकरांची १९३० च्या दशकातली ड्यूसेनबर्ग बघा. अमेरिकन कंपनीची चासी, सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन. बॉडी मात्र लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधलेली, भगव्या-काळ्या रंगात. तेव्हा भारी गाड्या अशाच घेतल्या जायच्या: कापड कंपनीचं, शिलाई आपल्या शिंप्याची. त्या गाडीची बॉडी उतरवून ‘ओरिजिनल करा’ असं कुणी म्हणेल?

मग लंडनला पत्रा ठोकला की कला, आणि मावळात ठोकला की जुगाड?

सुरक्षिततेचं काय, असं तुम्ही विचाराल. कंपनीनं दिलेल्या रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये बजावलंच आहे. मान्य. ब्रेक, स्टिअरिंग, वेल्डिंग तपासा. नापास झाली तर रस्त्यावर आणू नका. छत कापलेली प्रत्येक फियाट वारसा नसते, हेही मान्य. माझी मागणी एवढीच, की बदलाचंही वय मोजा. बदलच ५० वर्षांचा असेल आणि फोटो किंवा आरसी बुकात पुरावा असेल, तर तेच त्या गाडीचं मूळ स्वरूप धरा.

आम्ही गॅरेजवालेही धुतल्या तांदळासारखे नाही. रिस्टोरेशनच्या नावाखाली जुना पत्रा फेकतो, लांबी थापतो, आरशासारखा रंग मारतो. या गाडीचं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा बोटभर रुंद आहे. आतून हात फिरवला तर हातोडीचे ठसे लागतात. दोन्ही सारखी करायला मला एक दिवस पुरेल. करणार नाही.

शेजारी तळेगावात २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना आला, २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबलं, आता तो ह्युंदाईकडे आहे. मालक बदलले तरी तिथल्या गाड्यांची ड्रॉइंग कुठेतरी जपलेली असणार. आजोबांनी कागदावर रेघही ओढली नव्हती. त्यांचं डिझाइन फक्त त्या पत्र्यात आहे. पत्रा भंगारात गेला की डिझाइन गेलं.

तुमच्या गावात अशी एखादी गाडी असेल, तर आजच फोटो काढा. मालकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पत्रा कुणी ठोकला ते विचारून लिहून ठेवा.