मोटारीचं बेअरिंग आज, बीपीची गोळी उद्या



आज तुटून गेलेल्या रानात पाचट ठेवून खोडव्याला पहिलं पाणी सोडलंय. सरी भरायला वेळ लागतोय, म्हणून बांधावर बसून हे लिहितोय. एरवी इथं खत, पाणी, हुमणी असलं लिहितो. आजचा विषय वेगळा वाटंल, पण शेतीबाहेरचा नाही. शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांमागं डिसेंबरात आमच्या आडसालीला तोड आली. तोड आली की घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. टोळीची सोय, ट्रॅक्टर, वाढं, स्लिपा, रस्त्याला अडकलेली ट्रॉली, त्यात रात्रीची लाइट आणि दुसऱ्या रानात पाणी. त्याच आठवड्यात आमच्या थोरल्या दादाच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. तीन वर्षं तो गोळी घेत होता. मला म्हणाला, "कोल्हापुरात जाणार हायस न्हवं, येताना गोळ्या आण." मी गेलो मोटारीच्या बेअरिंगसाठी. बेअरिंग आणलं, संध्याकाळी मोटार चालू केली. गोळ्या राहिल्या. त्याला म्हटलं, "उद्या आणतो." तोही म्हणाला, "असू दे, तोड झाल्यावर बघू."

तोड नऊ दिवस चालली. नवव्या दिवशी पहाटे दादा पाणी पाजून आला आणि अंथरुणावर पडला. सकाळी वैनी चहा घेऊन गेल्या तर बोलणं बोबडं येत होतं. आम्ही म्हटलं, रात्रभर जागलाय, झोपू दे जरा. तासा-दीड तासानं बघितलं तर तोंड वाकडं आणि डावा हात उचलत नव्हता. म्हणजे वारं गेलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "हे नेमकं किती वाजता सुरू झालं?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. मेंदूत रक्ताची गाठ अडकलेली असली, तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि वेळ माहीत नसली की ते बहुतेक हुकतंच. आमचं हुकलं.

दादा वाचला. आता काठी घेऊन डेअरीपर्यंत जातो, बोलणं बऱ्यापैकी सुधारलंय. पण डाव्या हातानं धार निघत नाही. त्या वर्षीच्या उसाचं बिल दवाखान्यात गेलं, वर सोसायटीचं कर्ज थकलं. आणि ज्या गोळीसाठी हे झालं, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. केंद्र आमच्या गावापासून गाडीवर दहा मिनिटांवर आहे.

मंडळी, "वेळ नाही" हे मी त्या दिवसापासून जपून बोलतो. बेअरिंगला वेळ होता. मोटार जळली तर आपण रात्री अकराला गाडी काढतो. म्हैस चारा खाईना झाली की पाच मिनिटांत डॉक्टरला फोन जातो. वेळ होता, पण अंगाची पाळी सगळ्यात शेवटी लावलेली होती. ही पाळी बदलली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता लोक काय म्हणतात ते घेऊ. पहिलं म्हणजे, "आपण रानात राबतो, आपल्याला कसला व्यायाम?" हे आमच्या आण्णांच्या काळात खरं होतं. ते नांगरामागं चालायचे, वैरणीचा भारा डोक्यावरनं आणायचे आणि संध्याकाळी गावच्या तालमीत लाल मातीत उतरायचे. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं आणि इथल्या गावागावात तालीम ही देवळासारखी हक्काची जागा झाली. आता तालीम आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती मंडळापुरती. गणपती, फुटबॉल आणि वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड. आणि रानात आपण काय करतो? गाडीवरनं बांधापर्यंत जातो. मोटार मोबाइलवरनं चालू होते. नांगरट, सरी, भरणी ट्रॅक्टर करतो. भांगलण बायका करतात. आपण उभं राहून फोनवर बोलतो, दोन-तीन चहा पितो, तंबाखू मळतो आणि आण्णांच्या एवढ्याच भाकरी खातो. जे खरंच राबतात त्यांचंही एकाच बाजूनं वाकून कंबर-गुडघा झिजतो. दमणं वेगळं आणि तब्येत वेगळी, हे मला उशिरा कळलं.

दुसरं म्हणणं, "मला काही त्रासच होत नाही." शेती अधिकारी आणि जाणकार मंडळींना मी त्यांच्याच भाषेत सांगतो. पिकात अन्नद्रव्याची 'लपलेली भूक' असते. पान हिरवं दिसतं, पण आतून कमी पडलेलं असतं. जुन्या पानाच्या कडा करपल्या की आपण म्हणतो पालाश कमी पडलं, पण तोवर उताऱ्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं. बीपी आणि साखर तशीच. पानावर काही दिसत नाही. म्हणून माती तपासतो तसं हे मोजावंच लागतं. दादाचं झाल्यावर मी स्वतःचं मोजलं. बीपी १५० वर ९६. उपाशीपोटी साखर ११८. वय ४४. मला कसलाही त्रास नव्हता. पुन्हा दोन वेळा मोजलं, तरी बीपी १४०/९० च्या वरच. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर, १२६ किंवा वर पुन्हा आली तर मधुमेह. आणि हे शहरातल्या लोकांचं दुखणं आहे असं समजू नका. आयसीएमआरनं केलेला देशभराचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक उंबऱ्यावर, असा अंदाज आहे. त्यात खेडी पण आली.

मग मी काय केलं? आधी जे जमलं नाही ते सांगतो. पहाटे पाचला उठून रस्त्यानं चालायला जायला लागलो. रंकाळ्यावर चालणाऱ्यांना बघून आलेला उत्साह. सहा दिवस टिकला. पाचला धारा असतात, शेण-घाण असते, डेअरीची वेळ असते. शहराचं वेळापत्रक आपल्या गोठ्याला बसत नाही. बायकोनं सरळ विचारलं, "तुम्ही चालायला गेला तर म्हशी कुणी पिळायच्या?" बरोबर होतं तिचं.

जे टिकलं ते असं.

पहिलं, गोळीला धारेची वेळ बांधली. धार कधी चुकत नाही. तोड असो, लग्न असो, महापूर असो, म्हैस पिळावीच लागते. किटलीच्या शेजारी भिंतीला एक डबी अडकवलीय, धार काढून हात धुतले की गोळी. आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नव्या आणायच्या. डिझेल संपायची वाट आपण बघत नाही.

दुसरं, गाडी रस्त्यालाच लावतो. रानाला चारी बाजूनं पायी फेरी, चांगल्या पावलानं, वीस-पंचवीस मिनिटं. आठवड्याला दीडशे मिनिटं झपाझप चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा दिवसांत ते जवळपास निघतं. दुसरा फायदा असा झाला, की गेल्या पावसाळ्यात हुमणीचा पट्टा मला आधी दिसला, कारण मी आतल्या बाजूनं चाललो होतो. गाडीवरनं तो दिसला नसता.

तिसरं, सरी भरेपर्यंतचा वेळ. पाणी पाजताना आपण दर दहा-पंधरा मिनिटांनी दार मोडतो, मधल्या वेळात मोबाइल बघतो. त्यात कंबर, खांदे, गुडघे मोकळे करायचे. तालमीतल्या चार बैठका आठवत असतील तर त्या घाला. कोण हसत नाही, ऊसच बघत असतो.

चौथं, मीठ आणि तंबाखू. खर्डा, लोणचं, पापड, वर भाताला मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, त्यात सगळं आलं. ताटात वरनं मीठ घेणं बंद केलं. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही, खोटं कशाला बोलू. पण फवारणीच्या दिवशी पुडी घरी ठेवतो. औषधाच्या हातानं तंबाखू मळून तोंडात घालणं म्हणजे काय, ते समजायला २०१७ चं यवतमाळ आठवावं. फवारणीच्या विषबाधेनं तिथं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात होते. मास्क, हातमोजे, अंगभर कपडे आणि नंतर साबणानं अंघोळ, याला जो वेळ लागतो तो फवारणीच्याच वेळेत धरायचा.

आता झोपेचं. इथं माझ्या एकट्याच्या हातात सगळं नाही आणि हे मला ठासून सांगायचंय. रात्रीची लाइट असली की बाराला उठून रानात जायचं, अंधारात साप-विंचू, पहाटे येऊन परत धारा. अशा माणसाला "सात तास झोपा" सांगणं सोपं आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला सुरू झाली. दिवसाची वीज हा आपण पाण्याचा प्रश्न समजतो. माझ्या मते तो तब्येतीचा प्रश्न आहे आणि मागणी करताना तसंच मांडलं पाहिजे. तोवर आम्ही भावकीत एक केलंय. चार घरांची पाइपलाइन एकत्र आहे, तर रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्यात. एकानं चौघांचं पाणी बघायचं, बाकीच्यांनी झोपायचं. आधी भांडणं झाली, आता बसलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. हे सगळं पुरुषांचं झालं. दादाची सेवा वैनींनी केली, आणि गेल्या जूनमध्ये आशाताईंनी तपासायला लावलं तर वैनींचं हिमोग्लोबिन आठ. चालताना धाप लागते हे त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "माझं काय, बसलो की बरं वाटतंय." राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, आलंय. घरात सगळ्यात आधी उठणारी, सगळ्यात शेवटी आणि उरलेलं जेवणारी. तिला "वेळ काढ" म्हणून तो निघत नाही. तिच्या अंगावरचं एक काम दुसऱ्यानं घ्यावं लागतं. आमच्याकडं संध्याकाळची वैरण आता पोरगं आणि मी बघतो. सुरुवातीला वैनीच ओरडल्या, "कुट्टी नीट होईना तुमची!" होईल हळूहळू.

शेवटी एक सूचना, खास करून दूध संस्था, सेवा सोसायट्या, कारखान्यांचे शेती विभाग आणि कृषी खात्याच्या लोकांना. गावातलं प्रत्येक घर दिवसातनं दोनदा डेअरीत येतं. तिथं फॅट मोजायचं मशीन आहे. त्याच्या शेजारी बीपीचं एक मशीन ठेवा, दोन हजारांच्या आसपास मिळतं. किटली खाली ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला, पाठ टेकलेली, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, मग मोजायचं. आकडा वहीत. जास्त आला तर उपकेंद्रात जायचं, तिथं तिशीच्या वरच्यांची तपासणी फुकट होते. शिवारफेरीत आणि ऊस मेळाव्यात माती परीक्षणाचं टेबल असतं, तिथंच हे दुसरं टेबल लावा. आणि वर्षाला दोन तारखा घरात ठरवा. आम्ही पाडवा आणि दसरा धरलाय. पाडव्याला हंगाम आटोपत आलेला असतो, दसऱ्याला तोड सुरू व्हायची असते. मशीन जशी हंगामाआधी बघून घेतो, तसं.

तेवढं एक पाठ करा आणि घरातल्या पोरांना पण शिकवा. तोंड वाकडं, हात उचलेना, बोलणं बोबडं, यातलं एक जरी अचानक दिसलं तर झोपू द्यायचं नाही. आधी घड्याळ बघायचं, मग १०८ ला फोन. आम्ही दीड तास झोपू दिलं.

दादा आता रोज संध्याकाळी डेअरीच्या कट्ट्यावर बसतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "गोळी घेतलीस का रं?" लोकांना आधी मजा वाटायची, आता उत्तर देतात. मला तो अजून एकदाही बोलला नाही, की तू त्या दिवशी आणल्या नाहीस म्हणून. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

चला, सरी भरली. दार मोडायला जातो.

राम राम.