यंत्राची साक्ष

निबंध यंत्राने लिहिला की विद्यार्थ्याने, हे ठरवायला आम्ही भाषेचे अध्यापक दुसऱ्या यंत्रालाच साक्षीला बोलावतो! ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये असे एक साधन काढले. माणसाने लिहिलेला ९ टक्के इंग्रजी मजकूर ते यंत्राच्या नावे लावते आणि इतर भाषांत ते याहून कुचकामी आहे, ही कबुली कंपनीचीच. जुलैत ते मागे घेतले गेले. मग मराठी निबंधावरून कोणाला चोर ठरवायचे? गाईडातल्या छापील उत्तरांना वर्षानुवर्षे गुण कोणी दिले? आम्हीच ना? नियम हवेतच, पण पहिला नियम आम्हांला लागू व्हावा : केवळ यंत्राच्या साक्षीवरून कोणालाही दोषी धरू नये. विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या निबंधावर चार प्रश्न विचारावेत. तेवढीही उसंत नसेल, तर आम्ही शिकवतो तरी काय?