चाळीस वर्षे ते रक्त कुठे होते?

जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेतील ज्युनियर मुलींच्या शर्यतीचा निकाल लागला की त्यावरची प्रतिक्रिया ठरलेली असते. केनिया-इथिओपियाच्या मुली जिंकल्या यात नवल ते काय, धावणे त्यांच्या रक्तातच आहे! १९९६ पासून २०२४ च्या बेलग्रेडपर्यंत सलग बावीस शर्यतींत वैयक्तिक सुवर्णपदक या दोन देशांच्या बाहेर गेले नाही, हे खरे आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. माणसाची लायकी जन्मावरून ठरविण्याची खोड ज्या देशाला शतकानुशतके जडलेली आहे, त्या देशातील वाचकाने तर 'रक्तात आहे' हे शब्द कानावर पडताच सावध झाले पाहिजे. स्तुतीच्या सुरात मांडला म्हणून जन्माचा सिद्धान्त निर्दोष ठरत नाही.

ज्यांना हा खेळ परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. क्रॉस कंट्री म्हणजे आखीव ट्रॅक सोडून माळावरून, चिखलातून, चढ-उतारावरून धावणे. २०१९ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे तर मोसगार्ड संग्रहालयाच्या गवताळ उतरत्या छपरावरूनच धावपटूंना चढवले होते. प्रत्येकीचा क्रमांक हेच तिचे गुण. संघातील पहिल्या चौघींच्या क्रमांकांची बेरीज करायची आणि ज्यांची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजेता. म्हणजे एकटी कितीही वेगाने धावली तरी तिच्यामागच्या तिघी आल्याशिवाय संघाला पदक नाही. ही पद्धत आम्हाला फार आवडते.

आता रक्ताकडे येऊ. केनियाच्या पुरुषांनी ऑलिम्पिकमधील पहिली सुवर्णपदके १९६८ साली मेक्सिको येथे जिंकली. किपचोगे केइनो, नफ्ताली तेमू, आमोस बिवोट ही नावे तेव्हा जगभर गाजली. केनियाच्या स्त्रीला ऑलिम्पिकचे पहिले पदक मिळाले ते १९९६ साली, अटलांटा येथे, पॉलीन कोंगाचे रौप्य. आणि पहिले सुवर्ण? ते २००८ साली, बीजिंग येथे, पामेला जेलिमोने आठशे मीटरमध्ये मिळवले. भाऊ १९६८ मध्ये जिंकतो आणि बहिणीला २००८ उजाडावे लागते! दोघांचे आईबाप एक, डोंगर एक, हवा एक, मक्याची उगालीही एकच. रक्त जर पदके मिळवून देत असेल तर ही चाळीस वर्षे ते रक्त बहिणीच्या अंगात नव्हते काय?

याचे उत्तर रक्ताच्या चाचणीत सापडणार नाही. ते स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकेत सापडते. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना १९२८ साली एकदा आठशे मीटर धावू दिले, आणि शेवटी काही जणी दमल्या असे कारण पुढे करून ती शर्यत बंद केली, ती थेट १९६० पर्यंत. (दमलेल्या पुरुषांमुळे एखादी शर्यत बंद झाल्याचे आमच्या वाचनात नाही.) स्त्रियांची पंधराशे मीटर आली १९७२ ला, मॅरेथॉन १९८४ ला, दहा हजार मीटर १९८८ ला आणि पाच हजार मीटर तर १९९६ ला. ज्या पाच हजारात कोंगाने पदक घेतले ती शर्यतच स्त्रियांसाठी त्या वर्षी प्रथम झाली, हे लक्षात घेतले पाहिजे. दार उघडले त्याच दिवशी ती आत शिरली.

क्रॉस कंट्रीतही हाच प्रकार. आंतरराष्ट्रीय महासंघाची जागतिक स्पर्धा १९७३ साली बेल्जियममध्ये सुरू झाली, तेव्हा पुरुष, स्त्रिया आणि ज्युनियर मुलगे यांच्या शर्यती होत्या. ज्युनियर मुली नव्हत्या. त्यांच्यासाठी शर्यत ठेवायला सोळा वर्षे लागली. १९८९ साली नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे ती प्रथम झाली आणि स्वीडनची मालिन एवरलोफ जिंकली. पुढच्या वर्षी चीनची लिऊ शिशियांग. १९९२ मध्ये बॉस्टनच्या बर्फात ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ, १९९५ मध्ये फिनलंडची अॅनेमारी सँडेल. पहिल्या सात शर्यतींपैकी चार युरोप-आशियाच्या मुलींनी जिंकल्या. 'जन्मजात' म्हणणाऱ्यांनी ही यादी जरूर वाचावी.

मधली तीन वर्षे मात्र केनियाची. १९९१ साली अँटवर्प येथे लिडिया चेरोमेई ही तेरा वर्षांची पोर जिंकली. आज इतक्या लहान मुलीला या शर्यतीत उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. १९९४ ची विजेती सॅली बार्सोसिओ १९९७ मध्ये अथेन्सला दहा हजार मीटरची जगज्जेती झाली. असा मान मिळवणारी ती पहिली केनियन स्त्री. २००० साली सोळा वर्षांच्या व्हिव्हियन चेरुइयोटने ही शर्यत जिंकली आणि सोळा वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये पाच हजारचे सुवर्ण घेतले. २०१९ च्या आरहूसला तिघी एकाच वेळेत रेषेवर आल्या, छायाचित्र पाहून बिआट्रिस चेबेटला विजेती ठरवावे लागले. तीच चेबेट २०२४ मध्ये दहा हजार मीटर एकोणतीस मिनिटांच्या आत धावणारी आणि २०२५ मध्ये पाच हजार मीटर चौदा मिनिटांच्या आत धावणारी जगातील पहिली स्त्री ठरली. शर्यत नसती तर या मुलींना जगाने कुठे पाहिले असते? शेतात, चुलीपाशी, किंवा कुठेच नाही.

शर्यतीच्याही आधी शाळा लागते. केनियाच्या इटेन गावातील सेंट पॅट्रिक्स ही धावपटूंची शाळा म्हणून जगप्रसिद्ध आहे, पण ती मुलग्यांची शाळा. मुलींसाठी त्याच भागात सिंगोरेची कन्याशाळा उभी राहिली आणि तिथून धावपटू मुली निघू लागल्या. इथिओपियातील बेकोजी या लहान गावातून देरार्तू तुलू आली, १९९२ साली ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकन स्त्री. तिथूनच तिरुनेश आणि गेन्झेबे या दिबाबा भगिनी आल्या, आणि दोघींनीही ज्युनियर शर्यत जिंकली. या गावात सेंतायेहू एशेतू नावाचे शाळामास्तर मुला-मुलींना पहाटे माळावर जमवून धावायला शिकवत. एका शाळामास्तराची चिकाटी रक्ताच्या अहवालात कशी दिसणार?

सर्वांत मासलेवाईक उदाहरण लेतेसेनबेत गिदेचे. तिग्रे प्रांतातील या मुलीने शाळेत धावायला साफ नकार दिला म्हणून तिला शाळेतून काढून टाकण्यात आले होते! शिक्षणासाठी तिला धावणे पत्करावे लागले. पुढे तिने २०१५ आणि २०१७ अशी दोनदा ज्युनियर शर्यत जिंकली आणि मग पाच हजार व दहा हजार मीटरचे विश्वविक्रमही केले. जिच्या 'रक्तात' धावणे होते असे सांगितले जाते, ती शाळेत धावायलाच तयार नव्हती.

कोणी म्हणेल, उंच प्रदेशातील विरळ हवेचे काय? उंचीचा फायदा होतो, हे आम्ही नाकारत नाही. शरीराची ठेवणही कामी येत असेल. पण उंच प्रदेश नेपाळातही आहेत, बोलिव्हियातही आहेत. तिथल्या मुलींची नावे या विजेत्यांच्या यादीत का नाहीत? केनियाच्या अनेक धावपटूंवर उत्तेजकांमुळे बंदी आली हेही खरे, आणि त्यावर कठोर कारवाई झालीच पाहिजे. परंतु तीस वर्षांचे यश त्या एका कारणाने झटकून टाकणे हा बुद्धिभेद आहे.

दुसरे लाडके स्पष्टीकरण गरिबीचे. फेथ किपयेगॉन २०११ साली स्पेनमध्ये सतराव्या वर्षी अनवाणी धावून जिंकली. पुढे ती पंधराशे मीटरची तीन वेळा ऑलिम्पिक विजेती झाली. त्या अनवाणी पायांचे छायाचित्र पाहून लोकांना गहिवर येतो. गरिबीने आणि अनवाणी चालण्याने जगज्जेत्या घडत असत्या, तर मेळघाट आणि सुरगाणा पदकांनी भरून गेले असते. आमच्याकडे नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य मिळवले, तेव्हा 'आदिवासी मुली मुळातच काटक' असा सूर लागलाच. नाशिकच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदरसिंग यांच्या हाताखाली तिने घेतलेले कष्ट त्या एका 'मुळातच' मध्ये गडप झाले. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा दुष्काळाचे गोडवे गायले गेले. दुष्काळाने तिला काय दिले? माणच्या शेकडो मुलींना त्याच दुष्काळाने हंडे दिले आहेत.

आणि जिंकल्यावर तरी सुटका आहे काय? अॅग्नेस तिरोप २०१३ च्या ज्युनियर शर्यतीत किपयेगॉनच्या मागे दुसरी आली होती. २०१५ साली एकोणीस वर्षांची असताना तिने थेट प्रौढ स्त्रियांचे जगज्जेतेपद घेतले. सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीत दहा किलोमीटरच्या रस्ता-शर्यतीत तिने फक्त स्त्रियांच्या शर्यतीतील विश्वविक्रम केला. त्यानंतर महिनाभरात इटेन येथील घरात तिचा खून झालेला आढळला. वय पंचवीस. खुनाचा आरोप पतीवर ठेवण्यात आला, तो त्याने नाकारला. ती गेल्यानंतर तिच्या सहकारी धावपटूंनी 'तिरोप्स एंजल्स' ही संस्था काढून स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध काम सुरू केले. धावून पैसा मिळवणाऱ्या मुलीच्या पैशावर, जमिनीवर आणि देहावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांनी गावागावात नेला. रक्ताचे गोडवे गाणाऱ्यांच्या लिखाणात हा प्रश्न कधी येत नाही, कारण तिथे मुलगी नसते, फक्त तिचे पाय असतात.

शेवटी अंतराचा मुद्दा. रॅडक्लिफ बॉस्टनला जिंकली ती शर्यत जेमतेम चार किलोमीटरची होती. पुढे ती सहाची झाली. प्रौढ गटात पूर्वी पुरुष बारा आणि स्त्रिया आठ किलोमीटर धावत. २०१७ च्या कंपाला स्पर्धेपासून दोघांनाही दहा किलोमीटर करण्यात आले. कोणी मेले नाही. तरीही २०२४ च्या बेलग्रेड स्पर्धेत वीस वर्षांखालील मुलग्यांना आठ किलोमीटर आणि मुलींना सहाच किलोमीटर होते. प्रौढ स्त्रियांना जे अंतर झेपते, तो न्याय एकोणीस वर्षांच्या मुलीला लावण्यात नेमकी कोणती वैद्यकीय अडचण आहे, ते जागतिक महासंघाने एकदा कागदावर लिहून जाहीर करावे.