महिला, खुला गट

रविवारच्या शर्यतीचं प्रमाणपत्र अजून जेवणाच्या टेबलावरच पडलंय. नाव बरोबर आहे, वेळ बरोबर आहे आणि खाली छापलंय : 'महिला, खुला गट'. सोमवारपासून येता-जाता मी हे तीन शब्द वाचते आहे आणि दर वेळी तेवढाच राग येतो.

शर्यत दोन दिवसांची होती. शनिवारी एकेकट्याने घड्याळाविरुद्ध २० किलोमीटर, रविवारी रोड रेस : येवलेवाडीच्या पुढून सुरुवात, बोपदेव घाट चढून सासवड, तिथून नारायणपूर, परत सासवड आणि भिवरीला शेवट. एकूण ५५ किलोमीटरच्या आसपास. पुरुषांचे गट चार होते : खुला, चाळिशीपुढचा, पन्नाशीपुढचा, साठीपुढचा. बायकांचा गट एक. त्यात आम्ही अकरा जणी. सगळ्यांत लहान मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, सगळ्यांत मोठ्या ताई ६१ वर्षांच्या आणि मी ५३ची.

शनिवारी नंबर घ्यायला गेले तेव्हा टेबलावरच्या मुलाला विचारलं, की बायकांचे वयोगट का नाहीत? मुलगा नम्र होता. म्हणाला, "मॅडम, बायका येतच नाहीत हो. गट पाडले तर एकेका गटात दोघी-दोघीच उरतील." हे उत्तर मी चार वर्षं ऐकते आहे, वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या मुलांकडून. दोघी उरतील तर दोघींची शर्यत लावा. दोन माणसांत शर्यत होत नाही, असं कुणी सांगितलं? कुस्तीला तर दोघंच लागतात. आणि गटच नाही म्हटल्यावर पन्नाशीची बाई पैसे भरून, पहाटे चारला उठून, सायकल गाडीवर बांधून येणार कशासाठी? आधी बायका येऊ देत, मग गट करू, असं म्हणत बसलं तर पुढची दहा वर्षंसुद्धा अशीच जातील. गट आधी छापावा लागतो. साठीच्या पुरुषांचा गट आधी छापला, म्हणून तर साठीचे पुरुष आले.

जगात हे कसं चालतं, ते इथे कुणाला नवीन नाही. जागतिक सायकल संघटनेच्या हौशी स्पर्धकांच्या मालिकेत पस्तिशीनंतर पाच-पाच वर्षांचे गट असतात, बायकांचेही असतात आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला किती पूर्ण होतं ते धरतात. कारण साधं आहे : वयाबरोबर हृदयाची कमाल गती उतरते आणि पंचेचाळिशीचा घाट पंचावन्नाव्या वर्षी तोच राहत नाही. पण उतरण म्हणजे शेवट नव्हे. अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँगने रिओ ऑलिंपिकमध्ये घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचं सुवर्णपदक घेतलं तेव्हा तिच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवसाला एक दिवस बाकी होता. ते तिचं लागोपाठ तिसरं. फ्रान्सचे रोबेर मारशाँ १०५ वर्षांचे असताना, जानेवारी २०१७मध्ये, तासाभरात साडेबावीस किलोमीटर गेले आणि त्यांच्यासाठी संघटनेने १०५ वर्षांपुढचा नवा गट केला. त्या गटात ते एकटे होते. तिथे कुणी म्हणालं नाही, की एकटेच आहात, तर खुल्या गटात या.

आमच्या गावाला सायकल शिकवावी लागत नाही. मी लहान असताना वडील मला हॅरिस पुलाशी घेऊन जायचे, मुंबई-पुणे शर्यत बघायला. खंडाळ्याचा घाट पहिला चढून येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. आम्ही तासभर उन्हात उभे असायचो आणि ती माणसं काही सेकंदांत समोरून निघून जायची. घामाचं मीठ गालांवर वाळून पांढरं झालेलं असायचं. आई आमच्याबरोबर नसायची. ती रोज कसबा पेठेतून कॅम्पातल्या ऑफिसात सायकलने जायची. लेडीज सायकल, चेनकव्हर, कॅरिअरला डबा. वर्षाचे तीनशे दिवस सायकल चालवणारी घरातली एकमेव मोठी व्यक्ती तीच होती आणि तिला शर्यत बघायला ये असं म्हणायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा ती सायकल चालवायची थांबली होती.

जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा मी पुन्हा रस्त्याच्या कडेला उभी होते. पाच दिवस, ४३७ किलोमीटर. जागतिक संघटनेच्या त्या दर्जाची टप्प्यांची शर्यत भारतात पहिल्यांदाच होत होती आणि तीही आपल्या मुळशी-पुरंदर-बारामतीच्या रस्त्यांवर. माझ्या अंगावर काटा आला, हे लपवत नाही. ती पुरुषांची शर्यत होती. बायकांची कधी होते त्याची मी वाट बघते आहे आणि झाली की कडेला उभी राहायला आईला घेऊन जाणार आहे. ती ८१ वर्षांची आहे.

तर रविवार. फेब्रुवारीतली थंडी, साडेसहाची वेळ. घाट लागला तशा तरुण मुली दोन-तीन वळणांतच दिसेनाशा झाल्या. बोपदेवच्या वरच्या वळणांवर मी सगळ्यांत हलका गिअर टाकून बसले होते. उजव्या पेडलवर श्वास आत, पुढच्या उजव्यावर बाहेर, एवढंच मोजत होते. डाव्या हाताला कानिफनाथांचा डोंगर उजळायला लागला होता. माझ्या मागे एकच सायकल असल्याचं मला चेनच्या आवाजावरून कळत होतं. घाटमाथ्यावर तो आवाज शेजारी आला. त्याच त्या ६१ वर्षांच्या ताई. आम्ही भिवरी, चांबळी, सासवड एकमेकींच्या मागे-पुढे गेलो. वारा अडवायला एक किलोमीटर मी पुढे, एक किलोमीटर त्या. बोलायचं कारण नव्हतं. पुढची दमली की कोपर जरासं बाहेर काढायची आणि मागची पुढे यायची. कऱ्हेचा पूल, बाजार, मग नारायणपूरचा रस्ता आणि समोर पुरंदर-वज्रगड.

नारायणपूरला वळसा घालून परत निघालो आणि दोन-तीन किलोमीटरवर माझं मागचं चाक बसलं. मी हात वर केला आणि ओरडले, "ताई, तुम्ही जा पुढे!" त्या पन्नास पावलांवर थांबल्या, वळल्या आणि परत आल्या.

मी चाक काढलं, नवी ट्यूब घातली, हवा भरली. मिनिटभरात चाक पुन्हा बसलं. पंक्चर काढणाऱ्या कुणालाही माझी चूक कळली असेल : घाईत टायर आतून तपासला नव्हता. ताईंनी टायर माझ्या हातातून घेतला. डाव्या हाताचा मोजा काढून दातांत धरला आणि दोन बोटं टायरच्या आतल्या बाजूने फिरवायला लागल्या, हळूहळू, तांदूळ निवडताना फिरतात तशी. अर्ध्यापेक्षा थोडं पुढे बोट थांबलं. "हा बघ." बाभळीचा काटा. बाहेरून रबराच्या पातळीवर मोडलेला आणि आत तिळाएवढं तपकिरी टोक. नखाने निघेना. त्यांनी खाली पाहिलं, जर्सीवर नंबर लावलेल्या चार सेफ्टी पिनांपैकी एक काढली, टोक काट्याच्या बुडाशी घातलं आणि आतून बाहेर ढकललं. काटा निघाला तो चांगला नखभर लांब होता. त्यांनी तो रस्त्यावर टाकला नाही. कडेच्या दगडी बांधाच्या फटीत खोचला आणि दुसरी ट्यूब स्वतःच्या पिशवीतली काढून दिली.

मी पुन्हा म्हटलं, "ताई, तुमची वेळ जातेय. मला आता जमेल." त्यावर त्या म्हणाल्या, "अगं, वेळेचं काय करू? पुढच्या सगळ्या पोरी माझ्या नातींच्या वयाच्या. या शर्यतीत माझ्याबरोबरीची तू एकटी. तू इथे बसलीस तर मी कुणाशी लावू शर्यत?"

चार वर्षं मी टेबलांवरच्या मुलांना जे समजावते आहे, ते मला इतकं सरळ कधी सांगता आलं नव्हतं. मी आपली नेहमी न्यायाची भाषा बोलते, ढाल-पदकांची बोलते. त्यांना हवी होती सोबतीला एक बाई, जिला हरवता येईल किंवा जिच्याकडून हरता येईल.

हवा भरेपर्यंत त्यांनी थोडं सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, ५८व्या वर्षी निवृत्त झाल्या. सायकल शिकल्या गावात, तासावर भाड्याने मिळायची तेव्हा, भावाच्या पैशांनी. लग्नानंतर ती सुटली, ती चौतीस वर्षं. पेन्शन सुरू झाली तसे पहिल्या काही महिन्यांचे पैसे साठवून गिअरची सायकल घेतली. घरात कुणी नाही म्हणालं नाही, पण कुणी हो पण म्हणालं नाही, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, की सायकलीने हृदय आणि पाय मजबूत होतील, पण शरीराचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे हाडांसाठी चालणं आणि वजन उचलणं वेगळं करायला हवं. म्हणून त्या आठवड्यातून तीन दिवस व्यायामशाळेत जातात. माझ्या वयाच्या वाचक मैत्रिणींनो, हे मलाही गेल्या वर्षीच कळलं आणि पाळी जाण्याच्या सुमाराला हे कुणीतरी आपल्याला आपणहून सांगायला हवं होतं.

निघालो तेव्हा रस्ता रिकामा होता. कडेला अंजिरांच्या पाट्या लागायला सुरुवात झाली होती. एक मावशी पाटीवर ओलं फडकं टाकता टाकता थांबल्या आणि "गेल्या गं सगळ्या पुढं!" म्हणाल्या. ताईंनी हात हलवला. नंबरचा एक कोपरा सुटला होता, तो वाऱ्यावर फडफडत होता आणि मला मागून सतत तो आवाज येत होता. सासवड गेलं, चांबळी गेली. बोलणं बंद झालं. आता वारा अडवायला त्यांनी पुढे बोलावलं तरी मी जाईना आणि मी वेग कमी केला तरी त्या पुढे येईनात. दोघींनाही कळलं होतं. भिवरीची पहिली घरं दिसली तशी मी गिअर जड केला आणि उभी राहून पेडल मारायला लागले. मला वाटलं, सुटले. शेवटच्या शंभर मीटरमध्ये डाव्या बाजूने ती फडफड आली, माझ्या हँडलशी आली आणि पुढे गेली. अर्ध्या चाकाने.

शेवटच्या रेषेवर शिट्टी घेतलेला एक मुलगा तेवढा उरला होता. बाकीचे सगळे बक्षिसांच्या मांडवात गेले होते. ताई सायकलवरच वाकून श्वास घेत होत्या आणि हसत होत्या, मीही हसत होते, आणि त्या मुलाला काय झालंय ते कळत नव्हतं. त्या नवव्या, मी दहावी. एका मुलीने सासवडला शर्यत सोडली होती.

मी आयोजकांना पत्र लिहिलं आहे. बायकांचे किमान तीन गट मागितले आहेत : खुला, चाळिशीपुढचा, पन्नाशीपुढचा. एकच स्पर्धक आली तरी गट रद्द करू नये, असंही लिहिलं आहे. उत्तर आलं की याच सदरात कळवीन.

त्यांची सेफ्टी पिन माझ्या जर्सीच्या खिशात राहिली आहे. धुवायला टाकताना हाताला टोचली. येत्या रविवारी सहा वाजता कात्रजच्या जुन्या घाटाच्या पायथ्याशी परत द्यायची आहे.