सट्टा वेगळा, खेळ वेगळा



व्हिडिओ गेमवरील रविवारच्या लेखात पैसे लावून खेळायचे ॲप आणि साधे गेम एकाच दावणीला बांधले आहेत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने बंदी घातली ती पैशांच्या ऑनलाइन खेळांवर. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. लेखात पहिला भाग आहे, दुसरा गायब.

गेमिंगचे साहित्य म्हणजे श्रीमंतांचे चोचले, हेही अर्धवट. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो, १४४ हर्ट्झचा सुमारे ७ मिलिसेकंदांनी. वेगवान खेळात हा फरक जाणवतो. संगणकाच्या कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांनी वेग वाढत नाही, एवढे मान्य. पण पंखे ही चैन नव्हे. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो.

हे सगळे परदेशी खूळ, हे तर चूकच. ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा २०२० मधला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवला.

मुलांनी त्यापेक्षा बुद्धिबळ खेळावे, हा सल्ला बुद्धिबळपटू दिव्या देशमुखच्या नागपुरात कोण नाकारेल? मात्र रियाधमधील २०२५ च्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळही होते, हे लेखकाने तपासायला हवे होते.

मुलांच्या खेळण्याच्या वेळेवर पालकांनी जरूर मर्यादा घालावी. सट्ट्याचे खापर मात्र खेळावर फोडू नये.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर